बाळाच्या आभारपत्रांची गोष्ट: सासूबाईंबरोबर हाताने केलेली ३४ कार्डं

उन्हाची_तिरीप

आमचं बाळ परवा साडेचार महिन्यांचं झालं. गेले पाच आठवडे मी आणि सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) दुपारी बाळ झोपलं की कार्डं करत बसत होतो. काल शेवटचं पाकीट बंद केलं. काय जमलं, काय फसलं ते ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

सुरुवात एका वहीपासून झाली. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे मला सलग आठवतच नाहीत. टाके दुखत होते, दर दोन तासांनी पाजायचं, दिवस कुठला आणि रात्र कुठली याचा पत्ता नव्हता. कोण आलं, कोण काय देऊन गेलं, सगळं धुक्यात. आईंनी मात्र एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर रोजचं टिपून ठेवलं होतं. आभाराची कार्डं करायची म्हणून मी ती वही मागितली, कारण मला वाटलं भेटवस्तूंची यादी असेल. उघडली तर पहिलीच नोंद अशी:

"मंगळवार. शेजारच्या काकू दुपारी दोन ते चार बाळ घेऊन बसल्या. ती झोपली."

ती म्हणजे मी. मी झोपले होते हेही मला आठवत नव्हतं. खाली आणखी होतं. मोठ्या जाऊबाई वाळलेल्या लंगोटांच्या घड्या घालून गेल्या, कुणाला न सांगता. दीर रात्री अकराला औषध शोधत फिरला. माझी शाळेतली मैत्रीण आली, मी रडत होते म्हणून बाळाला न बघताच माझ्याजवळ बसून राहिली आणि निघून गेली. एकूण ३४ नोंदी, त्यांतल्या वस्तूंच्या जेमतेम निम्म्या. तिथेच ठरलं की कार्डं ३४ च करायची. पाळणा देणाऱ्याला एक आणि घड्या घालणाऱ्यालाही एक.

आता कृती. कागद २५० जीएसएमचा (चौरस मीटरला २५० ग्रॅम, म्हणजे जाडसर), पांढरट, चकचकीत नसलेला. ए४ कागद मधोमध कापला की दोन ए५ तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा दुमडला की १०५ × १४८ मिलिमीटरचं ए६ कार्ड तयार होतं. म्हणजे एका कागदात दोन कार्डं. त्याला सी६ पाकीट लागतं, ११४ × १६२ मिलिमीटरचं. पाकिटं आधी आणा आणि मग कागद कापा. आम्ही उलटं केलं आणि पहिली सहा कार्डं पाकिटात जाईनात.

जाड कागद नुसता दुमडला तर घडीवर फाटल्यासारखा पांढरा दिसतो. आधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यायची आणि मग घडी घालायची. कागदातल्या तंतूंना एक दिशा असते, कापडातल्या धाग्यांसारखी. हातात धरून हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्याच दिशेने घडी घाला, म्हणजे ती सुरेख बसते.

दर्शनी बाजूला आम्ही सुईदोऱ्याने एक लहानसं झबलं भरलं. आईंचं अर्धं आयुष्य शिवणयंत्रावर गेलंय, तेव्हा हे त्यांच्याच डोक्यातून आलेलं. पण पहिली चार कार्डं गळ्याच्या वळणावर फाटली. आई दोरा कापडावर ओढतात तसा ताणून ओढत होत्या आणि टाके फार जवळजवळ घेत होत्या. भोकं जवळ आली की कागद टपाल तिकिटांच्या कडेसारखा आपोआप सुटतो. चौथं कार्ड फाटल्यावर त्या म्हणाल्या, "कापड सुईला माफ करतं गं, कागद नाही करत." खरंच आहे, एकदा पडलेलं भोक मिटत नाही. मग आम्ही आलेख कागदावर झबल्याचा साचा काढला, कार्डाखाली चौपदरी घडी केलेली चादर ठेवली आणि टाचणीने सगळी भोकं आधी पाडून घेतली. सरळ रेघेत ४ मिलिमीटर अंतर, वळणावर ३, त्याहून कमी नाही. मग उलटी टीप, म्हणजे प्रत्येक टाका मागे परत येऊन घ्यायचा. धावदोऱ्यात मध्ये मोकळी जागा राहते आणि झबलं तुटक दिसतं, उलट्या टिपेत रेघ सलग येते. सहापदरी भरतकामाच्या दोऱ्यातले दोनच पदर घ्यायचे. गाठ मारायची नाही, मागून फुगवटा दिसतो. टोक मागच्या टाक्यांखालून सरकवून द्यायचं.

मागची बाजू झाकायला आत एक पातळ कागद लावला, कार्डापेक्षा सगळीकडून ३ मिलिमीटर लहान. मजकूर त्याच्यावर. याचा एक मोठा फायदा नंतर कळला. लिहिताना चुकलं तर फक्त आतला कागद बदलायचा, पाऊण तासाचं भरतकाम वाया जात नाही.

एक नियम आईंनी पहिल्या दिवसापासून लावला. सुया मोजून बाहेर काढायच्या, मोजून आत ठेवायच्या. तीन म्हणजे तीन. एका दुपारी दोनच भरल्या. बाळ उठलं होतं, तरी आईंनी त्याला माझ्याकडे दिलं आणि सतरंजी झटकून, चादरीची घडी उलगडून तिसरी सापडल्यावरच त्या उठल्या.

मजकुरावरून मात्र आमचं अडलं. तो भाग लांब आहे, संध्याकाळी लिहिते. तोवर तुमचे अनुभव सांगा.

---

काठावरचा

नुकताच बाप झालोय, मुलगी पाच आठवड्यांची. हे वाचून बहिणीला फोन केला, रविवारी बसतोय. आम्हाला हाताचा ठसा घ्यायचा आहे. काल स्टॅम्प पॅडवर प्रयत्न केला, पण तिने मूठ काही उघडली नाही. काही युक्ती?

---

दोन_वेण्या

@काठावरचा, कुठलं स्टॅम्प पॅड? ऑफिसातलं असेल तर आधी बाजूला ठेवा. बाळाच्या त्वचेसाठीची, पाण्यात धुतली जाणारी, बिनविषारी शाईच घ्या. हात पुढच्या मिनिटाला तोंडात जातो.

आणि हात सोडा, पाऊल घ्या. एवढ्या लहान बाळाच्या तळहाताला काही टेकलं की मूठ आपोआप वळते. ती जन्मजात प्रतिक्रिया असते, पाच-सहा महिन्यांपर्यंत टिकते. तुम्ही जितकं दाबाल तितकी ती घट्ट धरणार. पावलाची बोटंही तळव्याला दाब दिला की आत वळतात, पण पाऊल तरी सपाट मिळतं.

आमची पद्धत: बाळ दूध पिऊन पेंगुळलेलं असताना एकाने मांडीवर धरायचं. पाऊल कागदावर टेकवायचं नाही, कागद पावलाकडे न्यायचा. कागदामागे पुठ्ठा धरा, टाचेपासून बोटांकडे एकदाच टेकवा आणि सरळ बाजूला घ्या. परत दाबलं की दोन ठसे एकमेकांवर येतात. दुसऱ्या माणसाने लगेच ओल्या मऊ फडक्याने पाऊल पुसायचं. हे काम एकट्याने होत नाही, बहीण लागणारच.

चांगला ठसा एकच आला तरी पुरतो. तो ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा आणि हवे तितके छापा. प्रत्येक कार्डासाठी लेकराचे पाय रंगवत बसू नका.

---

रातवा

मला थोडं वेगळं म्हणायचंय. माझं बाळ दोन महिन्यांचं असताना घरच्यांनी असाच उत्साह दाखवला आणि माझ्या डोक्यावर आणखी एक काम आलं. "अजून कार्डं नाही गेली?" हे मी महिनाभर ऐकलं. ज्या बाईला झोप नाही तिच्याकडून भरतकामाची अपेक्षा करू नये. ज्यांनी खरंच मदत केली त्यांना कार्डाची वाट नसते.

---

उन्हाची_तिरीप

@रातवा, तुमचं पटतं. पहिल्या तीन महिन्यांत मला कुणी हे सांगितलं असतं तर मी रडले असते. आम्ही मुद्दाम उशिरा सुरू केलं, आणि दिवसाला एक कार्ड, जास्तीत जास्त दोन. बाळ झोपलं नाही तर त्या दिवशी शून्य. आईंनी एकदाही "आज राहिलं" म्हटलं नाही. तसं कुणी म्हणणारं असेल तर करूच नये.

आता मजकुराचं. मी पहिल्या कार्डावर लिहिलं, "तुमच्या प्रेमळ भेटीबद्दल मनःपूर्वक आभार." आईंनी वाचलं आणि कार्ड बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "हे कार्यक्रमाच्या शेवटी माइकवर म्हणतात. आपल्या माणसाचे आभार मानले की तो लांबचा होतो." मला राग आला. मी म्हटलं, मग कार्डं कशाला करतोय आपण? दोन दिवस आम्ही नुसतीच भोकं पाडत बसलो, आत कुणीच काही लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी काकूंचं कार्ड हातात होतं. शेजारी वही उघडी होती. मी वहीतलं वाक्यच उतरवलं, फक्त माझ्या बाजूने: "काकू, त्या मंगळवारी दुपारी दोन ते चार तुम्ही बाळ घेऊन बसलात. मी झोपले. बाळ झाल्यापासूनची ती माझी पहिली सलग झोप होती." आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे पाठव."

पुढच्या सगळ्या कार्डांवर आम्ही तेच केलं. आभार, धन्यवाद, ऋणी हे शब्द गाळले आणि त्या माणसाने काय केलं ते लिहिलं. लिहिण्याआधी आई नोंद वाचायच्या आणि मग वहीत नसलेलंही सांगायच्या. मैत्रीण निघताना जिन्यात त्यांच्याशी काय बोलली. दीर औषध घेऊन आला तेव्हा पावसात भिजलेला होता आणि बाळाला सर्दी होईल म्हणून दारातूनच परत गेला. माझे ते सहा आठवडे मला असे एकेका कार्डातून परत मिळाले.

वस्तूंचंही तसंच. "सुंदर दुपटं मिळालं" यापेक्षा "तुमच्या निळ्या दुपट्यात गुंडाळलं की तो रडायचा थांबतो" हे वाचायला माणसाला बरं वाटतं. फक्त जे खरं आहे तेच लिहावं. एका स्वेटरची बाही लहान होती, तो बाळाला कधी घालताच आला नाही. त्या कार्डावर आम्ही लिहिलं की स्वेटर उशाशी घडी करून ठेवलाय आणि बाळ त्याची गुंडी टक लावून बघतं. दोन्ही गोष्टी खऱ्या.

---

शाईचा_डाग

सुरेख धागा. अक्षरांविषयी थोडं, कारण बहुतेक कार्डं तिथे मार खातात.

लोक पेन्सिलीने खाली रेघ मारतात आणि तिच्यावर अक्षरं बसवायला जातात. देवनागरी अक्षर रेघेवर बसत नाही, रेघेला लटकतं. म्हणून हलकी रेघ वर मारा, शिरोरेषेच्या जागी, आणि तिच्याखाली लिहा. दोन ओळींत अंतर भरपूर ठेवा. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकली की सगळं पान गिचमिड दिसतं. पातळ कागद असेल तर आखलेला कागद खाली ठेवून खिडकीच्या काचेवर धरा, रेघा आरपार दिसतात आणि नंतर खोडायचं कामही राहत नाही.

शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) घ्या, डायची (विरघळलेल्या रंगाची) उजेडात लवकर उडते. जेल पेनने लिहिलं तर पाच मिनिटं हात लावू नका. खूप वर्षं टिकावं असं वाटत असेल तर ॲसिडमुक्त कागद बघा, साधा कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.

हातात बळ असलेल्या कुणाला घ्यायचं असेल तर खोडरबरावर ठसाही कोरता येतो. शब्द पातळ कागदावर पेन्सिलीने लिहा, तो कागद पालथा करून रबरावर घासा, शब्द उलटा उमटेल. तसाच कोरा, कागदावर सुलटा येतो. शिरोरेषा कोरताना तुटते, तेव्हा ती जाड ठेवा.

---

निवृत्त_मास्तर

मी आजोबा. नातीच्या जन्मानंतर मुलीने मला कार्डं लिहायला बसवलं. माझं अक्षर पूर्वी चांगलं होतं, आता हात कापतो. मी नको म्हणत होतो. म्हटलं, तू संगणकावर छाप, मी पाकिटं चिकटवतो. तिने ऐकलं नाही.

मग एक सोय काढली. जाड टोकाचं मार्कर पेन, कोपर टेबलावर टेकलेलं, आणि एका बैठकीत तीनच ओळी. पेन जाड असलं की थरथर तितकी जाणवत नाही, बारीक पेनात प्रत्येक झटका दिसतो. सकाळी माझा हात जास्त स्थिर असतो, म्हणून वेळ सकाळची. लांब मजकूर मुलगी लिहायची, मी फक्त वरचं नाव आणि खाली "आजोबा" एवढं. अकरा कार्डं झाली.

माझ्या धाकट्या भावाने ते कार्ड कपाटाच्या दाराला आतून लावलंय. म्हणाला, तुझं अक्षर बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

---

दोन_वेण्या

मोठं भावंड असेल तर त्यालाही घ्या. माझी लेक तेव्हा पाच वर्षांची, बाळ आल्यापासून जरा रुसलेली. तिला एकच काम पूर्णपणे दिलं: पाकिटाच्या मागे बोटाच्या ठशाचं फूल काढायचं. रंग तिने निवडला. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, वाकडं आलं तरी नीट करायचं नाही. चमकी, मणी, बटणं मात्र पूर्ण बंद ठेवली. खाली पडलेलं सगळं बाळाच्या तोंडात जातं, आज नाही तर दोन महिन्यांनी रांगायला लागल्यावर.

आणि एक प्रश्न सगळ्यांना. बाळाच्या तोंडून लिहायचं का? "मी तुमचा छोटा पाहुणा" वगैरे?

---

काठावरचा

मला ते गोड वाटतं, बहिणीला अजिबात नाही. ती म्हणते, बाळाने काही मागितलं नव्हतं, मागितलं आपण, तेव्हा सही आपली हवी.

---

उन्हाची_तिरीप

आम्ही बाळाच्या तोंडून नाही लिहिलं, पण फक्त लहान मुलांसाठीच्या तीन कार्डांवर लिहिलं. त्यांना तेच आवडतं.

सहीबद्दल आठवलं. बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि फोटो तिन्ही एकाच कार्डावर टाकू नका. कार्ड आवडलं की लोक प्रेमाने त्याचा फोटो काढून पुढे पाठवतात. आमच्या कार्डांवर फक्त घरचं लाडकं नाव आहे.

---

बकुळ

पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा ३० व्या आठवड्यात झाला. बरेच दिवस काचेच्या पेटीत होता. त्याच्या त्वचेला शाई लावायचा प्रश्नच नव्हता, ती इतकी नाजूक होती की चिकटपट्टी काढतानाही परिचारिका श्वास रोखून काढायच्या. आम्ही त्याच्या पावलाजवळ मोजपट्टी धरून फोटो काढू द्याल का विचारलं, त्यांनी होकार दिला. घरी बहिणीने तो फोटो मोजपट्टीवरचा सेंटिमीटर खरा येईल अशा मापात छापला. पाऊल सहा सेंटिमीटरांहून थोडं कमी. त्याची बाह्यरेषा कापून मी आणि बहिणीने कार्डाला खिडकी केली, मागे पिवळा कागद.

तिथल्या परिचारिकांची सगळ्यांची नावं मला माहीत नव्हती. रात्रपाळीची एक होती, ती मशीन वाजलं की आधी माझ्या खांद्यावर हात ठेवायची आणि मग मशीनकडे बघायची. तिचं नाव कळलं नाही. कार्डावर आम्ही हेच लिहिलं, "खांद्यावर हात ठेवणाऱ्या ताईंना." ते विभागात नेऊन दिलं. ज्यांनी घेतलं त्यांनी वाचलं आणि लगेच ओळखलं, ती कोण ते.

आता तो अकरा महिन्यांचा आहे. बाकीच्यांना द्यायची कार्डं राहिलीत. फार उशीर झालाय का?

---

रातवा

@बकुळ, नाही झाला. मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण तुमचं कार्ड मला हवं होतं असं वाटलं.

---

शाईचा_डाग

@बकुळ, अजिबात नाही. आताचं पाऊल शेजारी लावा, त्याच मापात. दोन्ही एका कार्डावर मावतात का ते आधी मोजा. वर्षाच्या आसपास पाऊल साधारण ११-१२ सेंटिमीटरांचं होतं, तेव्हा कार्ड उभं ए६ धरा.

---

काठावरचा

रविवारचा वृत्तान्त. सात कागद वाया गेले, आठव्यावर पाऊल आलं, पाचही बोटांसकट. बहिणीने बाळ धरलं, मी कागद. @दोन_वेण्या, कागद पावलाकडे न्यायचं सांगितलंत ते मोलाचं. एक भर घालतो: कापडाचा तुकडा कार्डावर लावायचा असेल तर कापण्याआधी मागून गोंदाचा पातळ हात फिरवून वाळू द्या, कडेचे धागे सुटत नाहीत. आणि चिकटवायला पाणीदार गोंद नको, कागद लाटांसारखा उठतो. आम्ही दुहेरी टेप वापरली आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवली.

---

उन्हाची_तिरीप

कार्डं पोचायला लागलीत. आज सकाळी शेजारच्या काकू आल्या, कार्ड हातात घेऊनच. मला वाटलं झबल्याबद्दल बोलतील. त्या दारातच म्हणाल्या, "दोन ते चार नाही गं, साडेचारपर्यंत होते मी. चार वाजता तुला उठवायला आत आले होते, पण तुझं तोंड बघून परत फिरले."

आई आत गेल्या, वही घेऊन आल्या, ते पान काढलं आणि "चार" खोडून वर "साडेचार" लिहिलं. मग काकूंना दाखवलं, बरोबर आहे का म्हणून.